आधी पंखा, मग गॅस : उद्यमबागेतील एका एसी वर्कशॉपचा अनुभव

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, खानापूर रोडवरून आत वळल्यावर फौंड्री आणि मशीन शॉपच्या गल्ल्यांमध्ये, मोटारगाड्यांच्या एसीचे आणि इंजिन कूलिंगचे काम करणारे एक लहान वर्कशॉप आहे. पत्र्याची शेड, आत जेमतेम दोन गाड्या मावतील एवढी जागा, एक मेस्त्री आणि त्यांच्या हाताखाली शिकणारा एक मुलगा, एवढाच त्याचा पसारा आहे. गाडी उभी राहिली की एसी गार होत नाही आणि त्याच वेळी इंजिन तापते, ही उन्हाळ्यात आपल्याकडे सर्रास ऐकू येणारी तक्रार घेऊन मी तेथे गेलो होतो. ती तक्रार तेथे मुळापासून दूर झाली. ज्या क्रमाने तपासणी झाली तो क्रम मला इतका मोलाचा वाटला, की या परीक्षणाचा बराचसा भाग मी त्यावरच खर्च करणार आहे.

वर्कशॉपचे नाव येथे देत नाही. दोन माणसांच्या जोरावर चालणारे काम आहे, एकदम गर्दी वाढली तर ते निगुतीने होणार नाही, म्हणून नाव कुठे टाकू नका, अशी मेस्त्रींची विनंती आहे आणि ती मला रास्त वाटते. उद्यमबागेतील स्पेअर पार्टच्या दुकानांत ‘एसीचे मेस्त्री’ म्हणून चौकशी केली तर पत्ता मिळतो.

गाडी दहा वर्षे वापरलेली पेट्रोल हॅचबॅक आहे. हमरस्त्यावर वेगात असताना तिचा एसी व्यवस्थित गार हवा देत असे. टिळकवाडीतील दुसऱ्या रेल्वे गेटला फाटक पडले आणि गाडी उभी राहिली, की मात्र दोन-तीन मिनिटांत आतील हवा कोमट होऊ लागे आणि तापमानाचा काटा नेहमीची जागा सोडून वर सरके. काटा बराच वर गेल्यावर बॉनेटखालून पंखा एकदम मोठ्याने घोंघावू लागे, काटा खाली येई, एसीची हवाही थोडा वेळ गार होई, पंखा थांबे आणि पुन्हा सगळे पहिल्यापासून सुरू होई. निपाणीकडे जाताना उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे अडकल्यावर किंवा गणपत गल्लीच्या गर्दीत शिरल्यावरही हाच प्रकार घडत असे.

त्याआधी शहरातील दोन ठिकाणी गाडी दाखवून झाली होती. पहिल्या गॅरेजमध्ये गॅस कमी झाला आहे असे सांगून तो भरून देण्यात आला. त्यानंतर गाडी उभी असताना एसी पूर्वीपेक्षाही लवकर कोमट होऊ लागला. दुसऱ्या ठिकाणी कॉम्प्रेसर वीक झाल्याचे निदान झाले आणि अठरा हजारांच्या घरातील अंदाजपत्रक हातात पडले. रेडिएटरच्या पंख्याबद्दल मी दोन्हीकडे विचारले होते. दोन्हीकडे इंजिन तापवून पंखा सुरू होतो हे पाहिले गेले आणि पंखा ठीक असल्याचा निर्वाळा मिळाला. पंखा फिरतो एवढे पाहणे आणि तो केव्हा, किती जोराने फिरतो हे पाहणे यांतच सगळे अंतर होते, हे उद्यमबागेत गेल्यावर उलगडले.

वर्कशॉपकडे वळण्याआधी एसी आणि पंखा एकमेकांशी कसे बांधलेले असतात ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. केबिनमधील उष्णता कूलिंग कॉइलमध्ये गॅस शोषून घेतो, कॉम्प्रेसर तो गॅस दाबून बराच गरम करतो आणि गाडीच्या अगदी पुढे, रेडिएटरच्या समोर बसवलेल्या कंडेन्सरमध्ये पाठवतो. तेथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन गॅसचा द्रव होतो आणि चक्र पुढे सरकते. गाडी धावत असताना समोरून येणारा वारा हे काम करतो. गाडी उभी राहिली की वारा थांबतो आणि सगळी भिस्त पंख्यावर येते. म्हणूनच एसी चालू केला की इंजिन थंड असले तरी पंखा मंद गतीने फिरू लागावा, अशी बहुतेक गाड्यांत योजना असते, आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे रेडिएटरमधील द्रव, ठरावीक तापमानाच्या वर गेले की तोच पंखा जोरात फिरतो. पंखा नसेल तर कंडेन्सरमधील उष्णता जागच्या जागी साठते, दाब वाढत जातो आणि पाइप फुटू नये म्हणून प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. मेस्त्री लोकांच्या भाषेत कॉम्प्रेसर ‘कट’ होतो. कंडेन्सरची ही धग पाठीमागच्या रेडिएटरलाच लागते, त्यामुळे इंजिनही तापते. दोन वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारींचे मूळ अशा वेळी बहुधा एकच असते.

मी मेस्त्रींना सगळी हकीकत सांगितली, आधी भरलेल्या गॅसचाही उल्लेख केला. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “गॅस राहू दे ओ बाजूला. आधी वारं किती ओढतंय ते बघूया की.” इंजिन सुरू करून त्यांनी एसी सर्वांत थंडवर लावला, कॉम्प्रेसरचा क्लच (त्याला इंजिनशी जोडणारा आणि सोडवणारा भाग) ओढल्याचा ‘टक’ असा आवाज आला आणि आम्ही बॉनेट उघडून उभे राहिलो. पंखा हललाच नाही. मुलाने वर्तमानपत्राचा एक कागद जाळीतून कंडेन्सरच्या तोंडावर धरला आणि सोडला. पंखा ओढत असता तर तो कागद कंडेन्सरला चिकटून राहिला असता. तो सरळ खाली घसरला. एवढ्याशा, फुकटच्या परीक्षेने तपासणीची दिशा ठरली.

मग त्यांनी गॅसचा दाब मोजणारा गेज लावला. इंजिन बंद असताना दोन्ही बाजूंचा दाब शंभर पीएसआयच्या जवळ होता. येथे त्यांनी त्या मुलाला उद्देशून एक गोष्ट सांगितली, जी मला गाडीवाल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी वाटते. आर-१३४ए हा गॅस बंद नळीत द्रव आणि वायू अशा दोन्ही रूपांत असतो, आणि तोवर त्याचा दाब केवळ तापमानावर ठरतो. ३० अंश सेल्सिअसला तो साधारण ९७ पीएसआय भरतो, मग आत दोनशे ग्रॅम असो वा पाचशे. इंजिन बंद असताना काटा पाहून आत गॅस आहे एवढेच कळते, किती आहे ते कळत नाही. नेमके वजन कळायचे असेल तर गॅस मशीनने बाहेर ओढून मोजावा लागतो. ‘गेज लावला, गॅस कमी दिसला, भरून टाकला’ ही रीत किती कच्ची आहे ते यावरून ध्यानात यावे.

इंजिन सुरू केल्यावर खरे चित्र पुढे आले. हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरने दाबलेल्या गॅसच्या बाजूचा, काटा दोनशेच्या पुढे गेला, तीनशे ओलांडले आणि चढतच राहिला. पावणेचारशेच्या पलीकडे जाऊन क्लच सुटला आणि काटा खाली येऊ लागला. दाब पुन्हा चढत असताना मेस्त्रींनी मुलाला कंडेन्सरवर पाण्याची बारीक फवार मारायला सांगितले. पाहता पाहता काटा दोनशेच्या आसपास उतरला आणि आतील हवा गार झाली. कॉम्प्रेसर वीक असता तर हाय साइडला एवढा दाब उभाच राहिला नसता. तशा गाडीत हाय साइड कमी आणि लो साइड (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसची बाजू) नेहमीपेक्षा जास्त, असे दोन्ही काटे एकमेकांच्या जवळ सरकलेले दिसतात. माझ्या गाडीचा कॉम्प्रेसर भरपूर दाबत होता, दाबलेल्या गॅसला थंड व्हायलाच वाव नव्हता. अठरा हजारांचा खर्च त्या फवाऱ्याने वाचवला असे म्हणायला हरकत नाही.

पुढचा टप्पा वायरिंगचा. मेस्त्रींनी स्कॅनर जोडून पाहिला, त्यात बिघाडाचा एकही कोड नव्हता. यावर समाधान मानून बसणारे पुष्कळ आहेत. पण गाडीचा कॉम्प्युटर पंख्याच्या रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) कॉइल जागेवर आहे की नाही एवढेच साधारणपणे पाहतो, आणि तेथे बिघाड असेल तरच पी ०४८० सारखा कोड नोंदवतो. रिलेच्या पुढे, पंख्याकडे जाणाऱ्या जाड तारेत काय झाले आहे हे त्याला कळत नाही. टेस्ट लॅम्प लावल्यावर एसी चालू असताना मंद गतीच्या रिलेपासून करंट येत असल्याचे दिसले, म्हणजे फ्यूज, रिले, कॉम्प्युटर आणि एसीचा स्विच हे सगळे एका झटक्यात निर्दोष ठरले. हा करंट पंख्याच्या चौकटीवर बसवलेल्या एका रेझिस्टरमधून जातो आणि त्यामुळेच पंखा मंद फिरतो. रेझिस्टरच्या अलीकडे पूर्ण व्होल्टेज होते, पलीकडे काहीच नव्हते. काढून मल्टिमीटरवर धरला तेव्हा एक ओहमहूनही कमी असायला हवा तो रोध अनंत दाखवू लागला. रेझिस्टरची तार जळून तुटली होती.

येथे थांबून नवा रेझिस्टर बसवला असता तरी एसी चालू झाला असता आणि मी आनंदाने पैसे देऊन घरी आलो असतो. मेस्त्री थांबले नाहीत. रेझिस्टर उगीच जळत नाही, त्याच्यातून जास्त करंट का गेला ते पाहिले पाहिजे, असे म्हणून त्यांनी कूलंटचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, उपटला. सेन्सरकडून माहिती येईनाशी झाली की बहुतेक गाड्यांचा कॉम्प्युटर इंजिन वाचवण्यासाठी पंखा जोरात चालू करतो. तसा तो झाला, आणि क्लॅम्प मीटरवर २२ अँपिअरचा आकडा आला. या आकाराच्या गाडीत निरोगी मोटार साधारण १० ते १५ अँपिअर घेते. इंजिन आणि बॅटरी बंद करून पाते हाताने फिरवून पाहिले तर ते जड लागत होते, बेअरिंग धरत आले होते. पंख्याचा कपलरही त्यांनी मला उघडून दाखवला. पांढऱ्या प्लॅस्टिकची एक कड भाजून तपकिरी झाली होती आणि आतील पिन काळवंडली होती. पंखा चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट आणि कपलरपाशी १२.४ व्होल्ट होते. मधले जवळजवळ पावणेदोन व्होल्ट त्या जळक्या जोडात जिरत होते. जड झालेली मोटार जास्त करंट ओढते, त्या करंटने रेझिस्टर आणि कपलर तापतात, रेझिस्टर तुटतो, मंद गती बंद पडते, आणि इंजिन पुरते तापल्यावर जोराची गती तेवढी सुरू होते. आधीच्या गॅरेजांत ‘पंखा फिरतोय’ असे जे दिसले होते ते हेच.

निदान पूर्ण झाल्यावरच त्यांनी खर्चाचा आकडा सांगितला आणि माझी संमती घेतली. चौकट, मोटार आणि रेझिस्टर असा पंख्याचा पूर्ण संच नवा बसवला आणि कपलर बदलून जाड तार जोडली. संच काढल्यावर रेडिएटरची मागची बाजू मोकळी झाली, तेव्हा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत पाचटाचे तुकडे, किडे आणि तांबड्या मातीचा थर मिळून एक गादीच तयार झालेली आढळली. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसत होता. खानापूर भागातील कच्चे रस्ते आणि चिक्कोडी-निपाणीकडील ऊसपट्टा या दोन्हींतून फिरणाऱ्या आपल्याकडच्या गाड्यांत ही गोष्ट वरचेवर आढळते, असे मेस्त्री म्हणाले. वरवर धुऊन ही घाण निघत नाही, पंखा काढून आतून बाहेरच्या दिशेने धुवावे लागते.

गॅसची बाब सर्वांत शेवटी आली. या वर्कशॉपमध्ये गॅस ओढून घेणारे रिकव्हरी मशीन आहे, आणि लहान वर्कशॉपांत ते क्वचितच दिसते. अनेक ठिकाणी व्हॉल्व्ह दाबून जुना गॅस सरळ हवेत सोडून देतात. आर-१३४ए ओझोनच्या थराला धक्का लावत नाही, परंतु शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा तापमानवाढीचा प्रभाव तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट धरला जातो. असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा किगाली करार २०१६ साली झाला आणि भारताने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली. मशीनने माझ्या गाडीतून ५२० ग्रॅम गॅस बाहेर काढला. बॉनेटच्या आतील स्टिकरवर ४०० ग्रॅम लिहिलेले आहे. आधीच्या टॉप-अपनंतर एसी आणखी का बिघडला याचा उलगडा तेथे झाला, कारण गॅस जास्त झाला की कंडेन्सरमधील बरीच जागा द्रवाने भरते, उष्णता सोडायला कमी जागा उरते आणि हाय साइडचा दाब आणखी चढतो. त्यानंतर अर्धा तास व्हॅक्यूम लावून यंत्रणा कोरडी केली, व्हॅक्यूम टिकतो की नाही ते पाहिले आणि वजन करून बरोबर ४०० ग्रॅम गॅस भरला. पावसाळी, दमट हवेत आत शिरलेली वाफ गॅस आणि तेलाबरोबर राहिली तर आतून गंज धरतो, म्हणून व्हॅक्यूमची ही अर्ध्या तासाची पायरी गाळून मिळालेला स्वस्तातला गॅस महाग पडतो.

काम संपल्यावर, बाहेर ३४ अंश ऊन असताना, गाडी जागेवर उभी ठेवून हाय साइड दोनशे पीएसआयच्या थोडी वर, लो साइड ३२ च्या आसपास, आणि मधल्या जाळीतून येणारी हवा आठ अंश, अशी नोंद मिळाली. हे आकडे त्यांनी मला काट्यांवर दाखवले. एकूण बिल सात हजारांच्या आसपास झाले, त्यात पंख्याच्या संचाचा वाटा सर्वांत मोठा होता.

मला सर्वाधिक आवडली ती मेस्त्रींची नकार देण्याची तयारी. मी तेथे असतानाच बैलहोंगलकडून आलेल्या एका गृहस्थांनी पंखा ‘डायरेक्ट’ करून डॅशबोर्डवर स्विच बसवून द्या असा आग्रह धरला. मेस्त्रींनी त्यांना कन्नडमध्ये शांतपणे समजावले, आणि मला मराठीत सांगितले, की स्विच चालू करायचे एक दिवस विसरले तर इंजिन तापून त्याचे हेड गास्केट (इंजिनच्या दोन भागांमधील सील) जाते आणि सतत चालू ठेवला तर मोटार जाते. रेडिएटरकडे जाणारे कूलंट इंजिन तापेपर्यंत अडवणारा थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ आहे, तीही ते करत नाहीत. हा व्हॉल्व्ह बहुतेक पेट्रोल गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो. तो काढला की इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, कॉम्प्युटर इंजिन थंड समजून जास्त पेट्रोल देत राहतो, मायलेज पडते, आणि उभ्या गाडीतील तापण्याचा प्रश्न पंख्याचा असेल तर तो सुटतही नाही.

रेडिएटरची टोपी त्यांनी हातपंपावर तपासली हेही नमूद केले पाहिजे, कारण हा भाग फार दुर्लक्षित आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे उघड्या भांड्यातले पाणी येथे साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरमधील पाणी उकळत नाही याचे श्रेय टोपीला आहे. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा बारमधील आकडा असतो आणि तेवढा दाब तिने धरून ठेवला तर उत्कलनबिंदू ११५ अंशांच्या पुढे जातो. टोपीची स्प्रिंग किंवा रबर गेले असेल, तर गोव्यातून केरीमार्गे चोर्ला घाट चढताना कूलंट उकळून बाटलीत येते आणि दोष रेडिएटरवर ढकलला जातो. साधे पाणी ओतून काम भागवणाऱ्यांना त्यांनी माझ्यासमोर पाणी आणि कूलंट यांचे निम्मे-निम्मे मिश्रणच वापरायला सांगितले.

आता उणिवांबद्दल. बसायला जागा नाही. दुपारी शेडचा पत्रा तापतो आणि ज्येष्ठ माणसांना तेथे थांबवणे योग्य नाही. फोनवर वेळ दिली जाते, परंतु ती पाळली जाईलच असे नाही, आणि सुटा भाग बाजारातून यायला उशीर झाला तर गाडी संध्याकाळपर्यंत अडकते. बिल मागितल्यावर मिळते, मात्र त्यावर ‘फॅन बदली, गॅस भरला’ एवढेच लिहिलेले असते. एवढ्या काटेकोरपणे घेतलेली मोजमापे कागदावर न येणे ही मला मोठी त्रुटी वाटते. गॅसचे वजन, दोन्ही बाजूंचे दाब आणि मोटारीचा करंट हे आकडे बिलाच्या मागे लिहून दिले, तर पुढच्या वर्षी तुलना करायला त्यांचाच आधार होईल. मी तसे सांगून ते लिहून घेतले, तुम्हीही घ्या. एका बाबतीत मात्र माझे मत त्यांच्याहून वेगळे आहे. कंडेन्सर धुताना मुलाने प्रेशर पंपाचा नोजल फार जवळ धरला होता. कंडेन्सरच्या पातळ पट्ट्या त्या धारेने वाकतात आणि वाकलेल्या पट्ट्यांतून वारा जात नाही. बागेच्या पाइपाची मऊ धार आणि थोडा धीर यांनी तेच काम होते. मेस्त्रींनी माझे म्हणणे ऐकले, पण वेळ लागतो असे उत्तर दिले.

गाडी घेऊन जाण्याआधी घरच्या घरी काय पाहता येईल, हे मला अनेक ओळखीच्या लोकांनी विचारले आहे. इंजिन सुरू करा, एसी सर्वांत थंडवर लावा आणि बॉनेट उघडून थोडा वेळ पाहा. कॉम्प्रेसर लागल्यावर पंखा अर्ध्या-एक मिनिटात फिरू लागला पाहिजे. दोन पंखे असतील तर निदान एक तरी. फिरला नाही तर मॅन्युअलमध्ये पंख्याचा फ्यूज शोधून तपासा आणि त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, काढून तेथे लावून पाहा. हात, ओढणी, सैल बाही पात्यांपासून दूर ठेवा, कारण इंजिन गरम असेल तर काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो. गरम रेडिएटरची टोपी कोणत्याही परिस्थितीत उघडू नका. पंखा वेळेवर आणि जोरात फिरत असेल, कागद चिकटत असेल आणि तरीही एसी उभ्या गाडीतच काय, वेगातही गार होत नसेल, तेव्हा गॅस आणि कॉम्प्रेसरकडे वळावे. केवळ उभ्या गाडीत कोमट होत असेल तर आधी गॅस भरून घेण्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

दुरुस्तीनंतर मे महिन्याच्या उन्हात गाडी चोर्ला घाटातून आणि निपाणीजवळच्या तवंदी घाटातून भरल्या माणसांनिशी नेली आहे. घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये काटा मध्यावरून हलला नाही आणि एसी बंद करावा लागला नाही. दुसऱ्या रेल्वे गेटला आता एसी लावला की पंख्याचा बारीक, एकसारखा आवाज ऐकू येतो आणि पूर्वीचे ते एकदम घोंघावणे बंद झाले आहे.

पेट्रोल, डिझेल आणि सीएनजीच्या सर्वसाधारण गाड्यांसाठी मी हे वर्कशॉप निःसंकोचपणे सुचवीन. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचे काम ते घेत नाहीत, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांच्या एसीला हाय व्होल्टेजचा कॉम्प्रेसर असतो आणि त्यासाठी लागणारी साधने वर्कशॉपमध्ये नाहीत, असे ते आधीच सांगतात. जायचे असेल तर सकाळी लवकर, इंजिन पूर्ण थंड असताना जावे. थंड इंजिनवर सेन्सरचा रोध आणि बंद अवस्थेतील दाब विश्वासाने मोजता येतो, आणि गाडी तापत जाताना कोणती गोष्ट आधी बिघडते हे त्यांना पहिल्यापासून पाहता येते. आधी कुठे गॅस भरला असेल, वायरिंगला हात लावला असेल किंवा पंखा डायरेक्ट केला असेल, तर ते सगळे पहिल्याच बोलण्यात सांगून टाकावे आणि आधीची बिले असतील तर सोबत न्यावीत.